कोल्ह्यावर राज्य

सशांच्या पिल्लांनाही शाळा चुकत नसे, त्या काळातली गोष्ट. माळावर दोन वर्ग भरत. एका वर्गात म्हातारे गुरुजी रोज एकच ओळ घोकून घेत, "कोल्हा दिसताच गुपचूप बिळात शिरावे." शेजारच्या वर्गात चिंगीबाई पोरांशी दिवसभर लपाछपी खेळत.

"बाई, ही शाळा आहे की जत्रा?" गुरुजी करवादत. "तुमच्या एका तरी पोराला धडा येतो का?"

"नाही हो, गुरुजी," असं म्हणून बाई राज्य स्वतःवर घेत आणि डोळे मिटत.

एके दिवशी खरोखरच कोल्हा आला. पाहुणे आलेले पाहून गुरुजींचा वर्ग शिस्तीत उभा राहिला आणि हात जोडून खड्या आवाजात म्हणाला, "कोल्हा दिसताच गुपचूप बिळात शिरावे!"

"वा! पाठांतर चोख आहे," कोल्हा जिभल्या चाटत म्हणाला. "पुन्हा एकदा होऊ दे."

तेवढ्यात चिंगीबाई ओरडल्या, "पळा रे! कोल्ह्यावर राज्य!"

बाईंच्या पोरांनी गुरुजींच्या पोरांना ओढलं, गुरुजींनाही ओढलं आणि बघता बघता माळ रिकामा झाला.

बिळात गुरुजींना जरा धीर आला. "बघितलंत? माझ्या धड्यात अगदी हेच..."

सगळ्यात धाकट्या पिल्लानं त्यांच्या तोंडावर पंजा ठेवला. "शू! गुरुजी, बोललात तर पुढचं राज्य तुमच्यावर."