ठुमीची दुलई आणि रंगाकाकांचा बोल्ट

बसलात का नीट? सरका जरा जवळ. हं, आता ऐका.

ठुमी होती उंदरीण. एवढीशी! तुमच्या मुठीत मावेल, एवढीशी.

रंगाकाकांच्या गाडीच्या शेडमध्ये एक खोकं होतं. खोक्यात ठुमीची तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी. अंगावर एक केस नाही, आणि थंडी तर अशी की विचारू नका! म्हणून ठुमीनं त्यांना दुलई आणली होती. मऊ मऊ, लाल लाल फुलांची. असेल कुणाच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा. पण पिल्लांची ती दुलईच.

एके सकाळी ठुमी दाणे आणायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय? दुलई नाही! पिल्लं उघडी. कुडकुड, कुडकुड, कुडकुड!

"अगं बाई! कुणी नेली गं माझ्या बाळांची दुलई?"

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला. "हात् तिच्या!"

ठुमीनं वाकून पाहिलं. गाडीखाली रंगाकाका उताणे पडलेले. डोक्यावर माकडटोपी. नाकावर काळं तेल. आणि एका हातानं वर काय दाबून धरलंय? ठुमीची दुलई!

झालं होतं असं. काकांनी ठरवलं, गाडीचं तेल आज आपणच बदलायचं. जुनं काळं तेल काढायचं, नवं घालायचं. तेलाच्या भोकाला खालून एक बोल्ट असतो. काकांनी तो चुकीच्या बाजूला फिरवला. झाला घट्ट! मग दुसऱ्या बाजूला फिरवला. झाला सैल, आणि टुप्! पडला खालच्या घमेल्यात. वरून तेल आलं गळगळ गळगळ. घमेलं छोटं, तेल मोठं. भरलं की काठोकाठ! काका घाबरले. शेजारच्या खोक्यात हात घातला, लागली ती चिंधी ओढली आणि दिली भोकात कोंबून.

ठुमी म्हणाली,
"काका, काका, दुलई द्या.
पिल्लं माझी कुडकुडती!"

काका म्हणाले, "कशी देऊ? चिंधी सोडली तर तेल सांडेल. बोल्ट वर येईल, तर दुलई देईन."

ठुमी गेली घमेल्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बोल्टा, बोल्टा, वर ये.
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

तेलातून आवाज आला बुडबुड. "कसा येऊ? मी पडलोय तळाशी. चुंबक येईल, तर वर येईन."

ठुमी गेली घरात. तुरुतुरु, तुरुतुरु. लोखंडी कपाटावर होता चुंबक. गोल गोल, जुन्या रेडिओतला.
"चुंबका, चुंबका, चल ना रे.
बोल्ट वर येईना,
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

चुंबक म्हणाला, "कसा येऊ? मी चिकटलोय कपाटाला. बकुळ ओढेल, तर येईन."

बकुळ म्हणजे काकांची लेक. गोधडीत गुरफटून बसली होती. ठुमी गेली खाटेवर. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बकुळ, बकुळ, ऊठ ना गं.
चुंबक जागचा हलेना,
बोल्ट वर येईना,
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

बकुळ म्हणाली, "कशी उठू? फरशी किती गार! माझा एक मोजा झिपऱ्यानं पळवला. झिपऱ्या मोजा देईल, तर उठेन."

झिपऱ्या कोण? अहो, झिपऱ्या म्हणजे कुत्रा! कुत्रा केवढा, ठुमी केवढी! ती दोन पावलं मागेच सरली. पण पिल्लं आठवली. मग गेली. तुरु... तुरु... तुरुतुरु.
"झिपऱ्या, झिपऱ्या, मोजा दे.
बकुळ काही उठेना,
चुंबक जागचा हलेना,
बोल्ट वर येईना,
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

झिपऱ्या मोजा चघळत म्हणाला, "कसा देऊ? पोटात नाही भाकरी. काकू भाकरी देतील, तर मोजा देईन."

ठुमी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु. सुमनकाकू पिठाच्या परातीसमोर बसल्या होत्या. गाल फुगवून.
"काकू, काकू, भाकरी द्या.
झिपऱ्या मोजा देईना,
बकुळ काही उठेना,
चुंबक जागचा हलेना,
बोल्ट वर येईना,
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

काकू म्हणाल्या, "कशी देऊ? मी बसलेय रुसून! सकाळी म्हटलं, अहो, घमेलं लहान आहे, मोठा टब न्या. तर म्हणाले कसे, 'तुला गाडीतलं काय कळतं?' आता 'माझं चुकलं' म्हणतील, तर भाकरी थापेन."

बिचारी ठुमी! पाय दुखले, दम लागला. तरी गेली परत गाडीखाली. तुरुतुरु, तुरुतुरु.
"काका, काका, 'चुकलं' म्हणा.
काकू भाकरी देईनात,
झिपऱ्या मोजा देईना,
बकुळ काही उठेना,
चुंबक जागचा हलेना,
बोल्ट वर येईना,
काका दुलई देईनात,
पिल्लं माझी कुडकुडती!"

काकांचा हात दुखत होता. तेल ठिबकत होतं. टप, टप. पण 'चुकलं' म्हणायचं म्हणजे काय सोपं असतं? शब्द येतो घशापर्यंत आणि तिथेच बसतो.

तेवढ्यात खोक्यातून आवाज आला. कुडकुड. कुडकुड. कुडकुड. काकांनी मान वळवून पाहिलं. तीन गुलाबी पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली.

"अरे देवा! ही चिंधी नव्हे. हे तर लेकरांचं पांघरूण!"

आणि काका ओरडले, केवढ्यांदा! "अगं सुमन! माझं चुकलं गं! घमेलं लहानच होतं!"

काकू हसल्या खुदकन. भाकरी थापली थप थप थप.
भाकरी मिळाली झिपऱ्याला. मच मच मच.
झिपऱ्यानं सोडला मोजा. ओला झाला होता थोडा, पण चालतंय!
मोजा घातला बकुळनं. उठली टुणकन.
बकुळनं ओढला चुंबक. टक्!
काकूंनी त्याला दोरी बांधली, तेलात सोडली. बोल्ट चिकटला टच्च! आला वर.

मग काकूंनी आणला मोठा टब. काकांनी दुलई काढली. उरलेलं तेल गळगळ गळगळ टबात. एक थेंब बाहेर नाही! आधी बोल्ट घट्ट, मग वरून नवं तेल. हा क्रम चुकवायचा नाही, बरं का!

"घे ठुमे, तुझी दुलई," काका म्हणाले.

पण दुलई कुठली आता? सगळी काळी. सगळी चिकट. एक फूल दिसेना. ठुमीनं दुलई पाहिली, पिल्लं पाहिली. डोळे भरून आले तिचे.

काका गुडघे टेकून खाली बसले. "ठुमे, माझं चुकलं गं." या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. तरी शब्द आला, न अडकता.

काकांनी डोक्यावरची माकडटोपी काढली. मऊ मऊ, लोकरीची, डोक्याच्या उबेची. हळूच ठेवली खोक्यात. पिल्लं आत शिरली. एक शिरलं, दुसरं शिरलं, तिसरं शिरलं. शेवटी ठुमीही शिरली. कुडकुड थांबली.

काका उघड्या डोक्यानं भाकरी खायला बसले. कान झाले गार गार. काकूंचे हात मात्र भाकरी थापून गरम गरम. त्यांनी ते काकांच्या कानांवर ठेवले, अस्से!

ठुमीला मिळाली ऊब, काकांना मिळाली ऊब, आणि आपली गोष्टही बसली उबेत.