सुविचाराच्या फळ्यावरील हरकत

मी, त्र्यंबक रखमाजी पाचारणे, वय वर्षे एकोणऐंशी, दारच्या फळ्यावर रोज सुविचार लिहितो. किती कर परत मिळणार हे सांगणारे, कर कार्यालयाकडून दरवर्षी येणारे करपरताव्याचे विवरणपत्र यंदा टपालाने आले नाही, म्हणून त्या कार्यालयात गेलो.

अधिकारी मान वर न करताच म्हणाले, "आजोबा, कागद पाठवणं बंद झालं. विवरणपत्र संकेतस्थळावर ठेवलं होतं. तुमचा निम्मा परतावा कापलाय, आणि हरकतीची मुदत कालच संपली."

"परंतु मला ते मिळालेच नाही."

"आम्ही ठेवलं, म्हणजे तुम्हाला मिळालं. येऊन बघणं तुमचं काम."

मला या नियमाचे मोठे कुतूहल वाटले. "साहेब, हा नियम दोन्ही पक्षांना लागू आहे ना?"

"नियम सगळ्यांना सारखाच!"

"मग माझी हरकत मुदतीतच आपणांस मिळाली आहे. टपाल येईना, तेव्हा गेल्या आठवड्यातच मी माझ्या दारच्या फळ्यावरचा सुविचार पुसून लिहिले, 'परताव्यात कपात केल्यास माझी हरकत आहे.' सारी आळी वाचून गेली. आपणच बघायला आला नाहीत."

शेजारच्या टेबलावरील बाई खुदकन हसल्या. साहेबांनी प्रथमच मान वर केली आणि हरकतीचा अर्ज पुढे सरकवला, "भरा, मुदतीत आली असं धरतो."

पूर्ण परतावा मिळाला. आता त्या कार्यालयातून मागेल त्याला विवरणपत्र टपालानेही येते, आणि माझ्या फळ्यावर पुन्हा सुविचार असतो.