समुद्राकडे पाहणारी माता

एकदा एका वृद्ध शिल्पाचार्यांना समुद्रकाठच्या गावाहून बोलावणे आले. गावाबाहेर, लाटांवर झुकलेल्या कड्याच्या टोकाशी, काळ्या पाषाणातली एक प्रचंड मातृमूर्ती उभी होती. कोणा अज्ञात कारागिराने ती कित्येक पिढ्यांपूर्वी घडवलेली. तिचा चेहरा ओबडधोबड आहे, तो तासून सुबक करावा, अशी तिथल्या एका व्यापाऱ्याची इच्छा होती. वर चढून काम करायला बांबूंची परांचीही बांधून तयार होती.

आचार्यांनी आपला शिष्य गुणाजी याला बरोबर नेले. दगडातून मोगऱ्याची पाकळी उमलवावी, असा त्याचा हात. मूर्तीच्या पायाशी उभा राहून त्याने मान वर केली. लगेच त्याच्यातला कारागीर जागा झाला.

"आचार्य, केवढी भव्य! पण डोळ्यांच्या खोबणी पाहा, विहिरीसारख्या खोल. ओठ जाडजूड. आज्ञा द्या, आजच छिन्नी लावतो."

"लाव की," आचार्य म्हणाले, "पण आधी होडीतून फिरून येऊ."

गुणाजी मनातून चिडला, पण गेला. धर्मा नावाच्या कोळ्याने होडी खोल पाण्यात नेली. आचार्यांनी शिष्याला किनाऱ्याकडे पाठ करून बसवले. गावातली घरे दिसेनाशी झाली, ऊन कलले, तेव्हा ते म्हणाले, "आता वळून बघ."

गुणाजी वळला. कड्यावरून ती माता थेट त्याच्याकडेच पाहत होती. खोबणींत साठलेल्या सावलीचे डोळे झाले होते, आणि त्या जाड ओठांवर चक्क स्मित होते. धर्माने वल्हे थांबवून हात जोडले.

"दिसली आमची आय! आता घर आलंच म्हणायचं."

आचार्य हळुवारपणे म्हणाले, "बाळा, पायाशी उभ्या राहणाऱ्यांसाठी ही घडवलेलीच नाही. वादळातून परतणाऱ्याला दुरूनही तिचे डोळे दिसावेत, म्हणून त्या कारागिराने सावलीला एवढे खोल घर दिले. तू ते भरून काढले असतेस, तर जवळून ती सुंदर दिसली असती आणि दर्यावरच्या माणसाला नुसता कातळ उरला असता. कुणाच्या कृतीत उणे काढण्याआधी, ती कोणासाठी उभी आहे हे पाहावे."

होडी किनाऱ्याला लागली. व्यापारी वाटच पाहत होता.

"मग, कधी सुरुवात करता?"

गुणाजीने त्याच्यापुढे हात केला. "शेटजी, आधी होडीत बसा. वल्हे मी मारतो."