पाळण्यासमोरची जागा

गिरणीत दळण ठेवताना कानावर पडलं, "भोसेकरांच्या मृणालने विमानात बाळ परक्या माणसाकडे दिलं आणि स्वतः खुशाल झोपून..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली.

त्याचं झालं असं. मृणाल सात महिन्यांच्या ईराला घेऊन एकटीच टोरांटोला निघाली होती. बाळाचा पाळणा अडकवतात ती पुढची जागा तिने आधीच मागून घेतली होती, नाहीतर चौदा तास पोर मांडीवर. पण तिथे एक निवृत्त साहेब पाय पसरून बसलेले. हवाईसुंदरीने दोनदा विनवलं.

"मी कुणासाठी उठत नसतो," साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही मागे माझ्या जागेवर बसा."

"बसते की काका," म्हणत मृणालने ईराला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "पाळणा मात्र इथेच लागतो, तेव्हा ही तुमच्यापाशी. दर दोन तासांनी दूध द्या, मधे डायपर बघा."

ईराने साहेबांचा चष्मा ओढला. साहेब बॅग उचलून मागे गेले.

म्हणजे बाळ परक्याकडे दिलं हे खरंच, पण अर्ध्या मिनिटापुरतं. झोपेचं म्हणाल तर ईराने टोरांटो येईपर्यंत आईला डोळा मिटू दिला नाही.