खोलजाईची बिनदांड्याची कुऱ्हाड

अहो, जरा हळू. त्या झाडाखाली बाई बसलीय ना, तिच्याकडे कॅमेरा रोखू नका. ती उठली की काढा हवे तेवढे फोटो, आणि तेही तिला विचारून. आणि ताई, तुम्ही त्या पायरीवरून उठा बघू. वर बेहड्याच्या ढोलीत धनेश पाखराची मादी, धनेशीण बसलीय. खालची सगळी जागा तिचीच. साडीवर काही पडलं की मला बोल लावाल.

तर तुम्ही विचारलंत, देवीपुढे कुऱ्हाड आहे, पण तिला दांडा का नाही? चोरीला गेला नाही हो! खोलजाईची कुऱ्हाड वर्षभर अशीच असते, नुसतं पातं. फाल्गुनात एकच दिवस तिला दांडा बसतो, आणि तुमचं नशीब चांगलं, तो दिवस आज आहे. बसा इथे ओट्यावर. मी या देवळाचा गुरव. ही गोष्ट माझ्याच घराण्यातली आहे, पण मी काही पाहायला नव्हतो. ऐकली तशी सांगतो.

फार पूर्वी ही राई इतकी दाट होती की देवळात भरदुपारी दिवा लावावा लागे, असं सांगतात. मग एका वर्षी समुद्राकडून वादळ आलं आणि अर्धी राई आडवी झाली. सकाळी गाव इथे आलं तर देवळावर लख्ख ऊन! बायामाणसांनी हंबरडा फोडला. आपली आई उघड्यावर पडली म्हणजे काय! तेव्हाचा गुरव होता सुभाना. माणूस भला, पण भारी उतावळा. बेहडा वाढायचा म्हणजे पिढ्या जाणार, तोवर आईने उन्हात बसायचं? तो तडक बंदरावर गेला आणि कुठल्याशा गलबतातून आलेली रोपं घेऊन आला. ती भराभर वाढली. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गावाने त्या झाडाला नाव दिलं उपऱ्या. मागे एक साहेब त्याचं भलंमोठं नाव सांगून गेले, पण माझ्या जिभेवर काही ते टिकलं नाही.

रोपं लावून झाल्यावर सुभानाने देवीचा अंगारा सगळ्यांच्या हातावर ठेवला आणि शपथ घातली. या राईत कुणी लोखंड चालवायचं नाही, जो चालवील त्याची कूस उजाड होईल. गावाने मान डोलावली. कोण कशाला तोडतंय?

आता चूक बघा हं कशी झाली. झाड लावताना सुभानाने सावली पाहिली, फळ नाही पाहिलं. उपऱ्याचं फळ पाखरू खाईना, पाल्याला गुरं तोंड लावीनात. त्याच्या सावलीत दुसरं रोप म्हणून धरेना, आणि त्याचं बी मात्र वाऱ्याबरोबर सगळीकडे. शेकरं गेली, वानरं गेली, हरोळ्या गेल्या. राई वरून हिरवीगार दिसायची आणि आत चिटपाखरू नाही. गाव मात्र खूश होतं, कारण देवी झाकली गेली होती.

सुभानाची सून गोजरा. नवरा गलबतावर, वर्षवर्ष घरी नाही. लग्नाला किती तरी वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि नेमके त्या साली तिला दिवस राहिले. देऊळ झाडायचं काम तिचं. झाडता झाडता तिची नजर जायची ती याच बेहड्याकडे. राईतली शेवटची धनेशाची जोडी इथे होती. या पाखराची रीत ठाऊक आहे ना? मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. नर आणील तेच तिने खायचं, पिल्लानेही तेच.

त्या साली नर सकाळी जायचा तो उन्हं कलल्यावर यायचा, आणि चोचीत एखादंच फळ. एक दिवस तो रिकामा आला. फटीतून चोच बाहेर आली आणि नुसती उघडझाप करत राहिली. नर समोरच्या फांदीवर मान वळवून बसला. गोजराच्या हातातली केरसुणी खाली पडली, आणि तेव्हाच तिच्या पोटात बाळ हललं म्हणे. काय वाटलं असेल हो तिला!

झऱ्याकाठी एक जुना उंबर होता, पण उपऱ्यांनी त्याला असा घेरला होता की ऊन मिळेना आणि फळ धरेना. गोजरा सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, उंबराभोवतीचे तेवढे काढू द्या."

सुभाना हबकला. "पोरी, शपथ मी घातली आणि मोडायची ती माझ्याच घराने? तीही तू, असल्या दिवसांत? तुझ्या पोटात माझा वंश आहे."

त्याने घरातल्या कुऱ्हाडीचा दांडा ठोकून काढला, चुलीत घातला आणि पातं देवीच्या पायाशी ठेवून दिलं.

गोजरा वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी ती उपऱ्याखाली जाऊन बसली, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. पाखरू आलं नाही, फुलपाखरू आलं नाही, खोडावर मुंगीसुद्धा चढली नाही. मग उंबराखाली बसली. त्याला कशीबशी दोनचार फळं होती, तर त्यांच्यावर खारी भांडत होत्या. ती उठली आणि देवीपुढे उभी राहिली.

"आई, ज्याच्याकडे तुझं एकही लेकरू जात नाही, ते झाड तुझं कसं गं? चुकत असेन तर माझी कूस घे. पण ती धनेशीण ढोलीत उपाशी बसलीय आणि मी इथे नुसती झाडू मारू, हे माझ्याच्याने होणार नाही."

तिने पातं उचललं. दांडा नव्हता, म्हणून कोयत्याने उपऱ्याचीच फांदी तोडली, तासली आणि पात्यात ठोकली. रोज थोडं थोडं करत उंबराभोवतीचे सगळे उपरे तिने पाडले आणि लाकूड आणून या पडवीत रचलं, आणि कुऱ्हाड दांड्यासकट पुन्हा देवीपुढे ठेवली. हात सोलपटून निघाले बिचारीचे.

गाव खवळलं. त्या घराला कुणी विस्तव द्यायचा नाही, सरपण द्यायचं नाही, दारात उभं करायचं नाही, असं ठरलं. सुभानाने बोलणं टाकलं आणि इथे देवळात येऊन बसला. सासू आवडा, ती सुनेला सोडून गेली नाही, पण पडवीतल्या लाकडाला हात लावणार नाही म्हणाली. शापाचं लाकूड ते.

चैत्रात उंबर खोडापासून शेंड्यापर्यंत लगडला. धनेशाच्या पंखांचा आवाज, सुपाने पाखडल्यासारखा, दिवसभर गावावरून जाऊ लागला. सगळ्यांनी ऐकला. पण शाप फळतो का म्हणून सगळे गोजराचे दिवस भरायची वाट बघत होते.

ज्येष्ठ लागला आणि गोजरा बाळंत झाली. पोर बाहेर आलं ते गार, काळंनिळं. रडेना. ऊन पाणी हवं होतं आणि घरात काटकी नव्हती. आवडाने एकेक दार ठोठावलं. एकही उघडलं नाही. मग ती देवळाकडे धावत सुटली. पडवीत लाकूड होतं, पण हात पुढे होईना.

सुभाना उठला. त्याने देवीपुढची कुऱ्हाड घेतली, दगडावर आपटून तिचा दांडा मोकळा केला आणि बायकोच्या हातात दिला.

"हा आधी लाव," म्हणाला. "शपथ माझी होती. काय व्हायचं ते मला होऊ दे. पोराला ऊब दे."

दोघांनी मिळून लाकूड नेलं. जाळ धडधडला, पाणी तापलं, आवडाने पोराला न्हाऊ घातलं, चोळलं, पुन्हा न्हाऊ घातलं. आणि पोर रडलं! असं रडलं, असं रडलं, की आळीतली बंद दारं एकेक करून उघडली. आणि म्हणे त्याच दिवशी बेहड्यावरचं लिंपण फुटलं आणि धनेशीण पिल्लाला घेऊन बाहेर आली. त्याच दिवशी की थोडं मागेपुढे, ते मला विचारू नका. मी तर त्याच दिवशी म्हणणार.

ते रडलेलं पोर म्हणजे आमचा मूळपुरुष. आणि ही समोरची राई धनेशांनी लावलेली. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनीच बिया टाकल्या. ताई, तुमच्या पायरीवर पडतात ना, त्याच.

आजही या गावात राईतलं झाड पंचांच्या सांगण्यावरून पडत नाही. फाल्गुनात गावातली एखादी पोटुशी बाई उपऱ्याखाली सकाळपासून बसते. पाखरू, मुंगी, काहीही आलं, तर ते झाड आईचं, त्याला हात लावायचा नाही. गेल्या साली एका उपऱ्यावर बुलबुलाने घरटं बांधलं होतं. सोडला त्याला! कुणीच आलं नाही तर मात्र त्याचीच फांदी तासून कुऱ्हाडीला दांडा बसतो. संध्याकाळी तो काढतात आणि बसलेल्या बाईच्या घरी देतात. तिच्या बाळाचं पहिलं पाणी त्याच्यावर तापतं.

ती बसलीय ना, ती माझी नातसून, कुसुम. मागच्या खेपेलाही हीच बसली होती, पण तिचं बाळ राहिलं नाही. दांडा चुलीपाशी नुसता पडून होता, बघवत नव्हता. यंदा बसायला कोण, म्हणून विचारलं तर हीच पुढे झाली. सकाळपासून माझा जीव खालीवर होतोय. तुमच्याशी बोलत बसलो म्हणून, नाहीतर देवळाला फेऱ्या मारत असतो.

उठली बघा. काय गं कुसुम, आलं होतं का कुणी?

नाही म्हणते.

सरका जरा, तो कोयता द्या इकडे. दांडा मीच तासणार. चांगला जाड काढतो, पाणी कडकडीत तापायला हवं.