पांढरी सात

"...ते सगळं ठीक आहे, पण मग पांढरी सातच का?" गद्र्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

बस्त्याव मास्तर ओट्यावर विड्याची पानं निवडत बसले होते. डागी पान उजवीकडे, चांगलं डावीकडे.

"काय, का?"

"पट्टी, मास्तर. तुम्ही ती पट्टी का घेतलीत?"

मास्तरांनी एक पान उजेडात धरून पाहिलं आणि उजवीकडे टाकलं.

पुण्याचे मुकुल गद्रे सॅक्सोफोन वाजवत, आणि त्याहून जास्त सॅक्सोफोनबद्दल बोलत. वसईच्या बस्त्याव घोन्साल्विस मास्तरांची जाझची एकच रेकॉर्ड निघाली होती, 'मिठागर' नावाची, पंचावन्न वर्षांपूर्वी. त्या एका तबकडीवर गद्र्यांनी सारं आयुष्य मांडलं होतं. ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेला झालं, कितव्या वेळचं वाजवणं पसंत पडलं, निळ्या लेबलच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, लाल लेबलच्या दुसऱ्या आवृत्तीत ड्रमवाल्याचं नाव कसं चुकलं... सगळं तोंडपाठ. मास्तरांना स्वतःला यातलं निम्मंही आठवत नसे. गद्र्यांना त्याचंही जरा भूषणच वाटे.

आता परदेशातली एक कंपनी 'मिठागर' पुन्हा काढणार होती. एका खोक्यात दोन रेकॉर्डी. पहिलीवर मास्तर. दुसरीवर तेच सगळं, सुराला सूर लावून, गद्र्यांनी वाजवलेलं. सोबत गद्र्यांचा चौदा पानी लेख. सोमवारी मजकूर छापायला जायचा होता आणि फक्त एक ओळ राहिली होती, मास्तरांच्या हस्ताक्षरातली: हा माझा शिष्य.

त्या ओळीसाठी गद्रे तीन वर्षांत पाच वेळा वसईला येऊन गेले होते. पाचही वेळा मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"मी कुठे तुला शिकवलं?" मास्तर म्हणत.

"तुमच्या रेकॉर्डनं शिकवलं."

"मग रेकॉर्डकडून लिहून घे."

आज सहावी खेप. गद्र्यांनी कागद आणला होता, पेन आणलं होतं, स्वतःचं वाद्य आणलं होतं, आणि हातात धरून नेता येईल असा एक रेकॉर्ड प्लेयरही आणला होता. पट्टीच्या गोष्टीवरून म्हातारा खुलेल, खुलला की लिहील, असा त्यांचा हिशेब.

"मी लेखात लिहिलंय," गद्रे म्हणाले. "सॅक्सोफोनला काळी पाच सगळ्यात सोपी. नवशिक्यासुद्धा पहिल्या दिवशी तिच्यातच वाजवतो. तिच्या लगतची वरची पांढरी सात, ती मात्र बोटांचा जीव काढते. जगात कोणी आपण होऊन तिच्या वाटेला जात नाही. मास्तर गेले. वादकानं आपला अहंकार मोडावा म्हणून गेले. बरोबर आहे ना?"

"अहंकार?"

"हो."

"कोण वाजवतं पांढरी सातमध्ये?"

"तुम्ही."

"मी?" मास्तरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "मला काय वेड लागलं होतं?"

गद्रे हसले. थोरामोठ्यांचा विनय कसा असतो ते त्यांना वाचून माहीत होतं.

"मास्तर, माझा हात बघा." त्यांनी डावी करंगळी पुढे केली. ती सरळ होत नव्हती. "अकरा वर्षं घासलं तुमच्या पट्टीत. डॉक्टर म्हणाले, आता थांबा. मी म्हटलं, गुरूचा प्रसाद आहे. माझ्याकडची चाळीस मुलं आज त्याच पट्टीत शिकतात."

मास्तरांनी ती करंगळी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मघाशी पान पाहिलं होतं तशीच.

"चाळीस?" ते म्हणाले.

"चाळीस."

"...लाव."

"काय?"

"रेकॉर्ड. ते यंत्र आणलंयस ना? लाव."

गद्र्यांनी मऊ फडक्यानं तबकडी पुसली, कडेला धरून अलगद ठेवली. निळं लेबल. ही प्रत मिळवायला त्यांनी काय काय केलं होतं ते ऐकायला मास्तर थांबले नाहीत. त्यांनी सुई सरळ दुसऱ्या तुकड्यावर ठेवली.

सॅक्सोफोन सुरू झाला. चपळ, पातळ, उतावळा. गद्र्यांनी सवयीनं डोळे मिटले.

मग तो सूर खाली घसरला.

त्यांनी डोळे उघडले. मास्तरांनी फिरत्या तबकडीच्या कडेला बोट टेकवलं होतं.

"मास्तर, बोट..." गद्रे कळवळले. "पानाचा डाग लागेल तिला."

"ऐक."

तबकडी मंद झाली होती. सूर बरोबर एका पट्टीनं उतरून स्थिर झाला होता. तोच तुकडा, तीच सुरावट, पण वाजवणारा माणूस वेगळा. आवाज जाड होता, छातीतून येणारा. दोन वाक्यांमध्ये तो थांबत होता, श्वास घेत होता, आणि त्या श्वासात थकवाही ऐकू येत होता. इतकी वर्षं गद्रे ज्याला वीज म्हणत आले होते ती वीज कुठेच नव्हती. एक जड पावलांचा माणूस संध्याकाळी घरी निघालेला होता.

आणि मास्तरांचं बोट हलत नव्हतं. किती दाबायचं हे ते शोधत नव्हतं. हे बोट तिथे पूर्वी हजारदा टेकलं असणार, एवढं गद्र्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना एकदम भीती वाटली.

"वाद्य काढ," मास्तर म्हणाले. "सोबत वाजव."

गद्र्यांनी वाद्य गळ्यात अडकवलं. पहिलाच सूर विजोड लागला. त्यांनी पट्टी उतरवून घेतली. काळी पाच. पोरासोरांची पट्टी. पण बोटं ऐकेनात. जिथे नुसतं सोडून द्यायचं तिथे करंगळी नसलेल्या अडचणीकडे धावत होती. चार ओळींत तीनदा ते अडखळले.

त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. कानशिलं तापली होती.

"हे काय आहे, मास्तर?"

"हे मी आहे."

"...आणि रेकॉर्डवर?"

"त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र मंद चालत होतं. कोणाच्या ध्यानात आलं नाही. मंद यंत्रावर भरलेलं पुढे बरोबर वेगानं वाजवलं, की सगळंच वर चढतं. पट्टीही, चालही. तेच छापलं."

तबकडी मास्तरांच्या बोटाखाली फिरत राहिली.

गद्र्यांच्या मनात एकच गोष्ट घुमत होती: हे कोणी वाजवलंच नव्हतं. ज्या वेगासाठी करंगळी गेली तो वेग एका बिघडलेल्या मोटारीचा होता. अहंकार मोडण्यावरची ती चार पानं त्यांना आठवली.

"पण छापण्याआधी नमुना ऐकवतात," ते म्हणाले. आवाज चढला होता. "नमुन्याची तबकडी आधी तुम्हालाच ऐकवली असेल. तेव्हा कळलं नाही?"

"पहिल्याच सुराला कळलं."

"मग?"

मास्तर फिरत्या लेबलकडे पाहत राहिले.

"मग बोलला का नाहीत?"

"मी तिशीतला होतो," मास्तर सावकाश म्हणाले. "यंत्रातून जो वाजवत होता, तो माझ्याहून चपळ होता. न थकणारा... मला आवडला तो. कंपनीच्या साहेबानं विचारलं, ठीक आहे ना? मी म्हटलं, फर्स्ट क्लास, आहे तशीच जाऊ द्या."

गद्र्यांनी वाकडी करंगळी मुठीत लपवली.

"पुढे जिथे गेलो तिथे लोकांना तोच हवा. मी वाजवलं की म्हणायचे, आज मास्तरांचं मन लागत नाही. दोन वर्षं मी त्याच्या मागे धावलो. तो काही सापडला नाही. मग वाद्य चर्चच्या बँडला देऊन टाकलं."

गद्र्यांच्या लेखात या प्रसंगाला वैराग्य म्हटलं होतं. अकरावं पान.

"इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?"

"येतात ते सगळे, का वाजवलंत, म्हणून विचारतात. वाजवलंत का, असं आजवर कोणी विचारलं नाही."

मास्तरांनी दुसऱ्या हातानं मांडीवरची पानं बाजूला केली. मग त्यांनी असं काही केलं जे गद्र्यांनी पाच खेपांत पाहिलं नव्हतं. ते जरा पुढे झुकले आणि त्यांनी विनंती केली.

"तुझ्या कंपनीला सांग. म्हणावं, यंत्र एवढंसं मंद करा. कळ फिरवायचं काम आहे, खर्च नाही काही. शहाऐंशी वर्षांचा झालो मी. एकदा माझा आवाज बाहेर जाऊ दे... आणि तुझ्या त्या मुलांना सांग. त्यांची बोटं अजून कोवळी असतील."

गद्रे कागदाकडे पाहत राहिले.

खोक्यात दोन रेकॉर्डी असणार होत्या. पहिली मंद केली, तर दुसरी उघडी पडणार होती. एकीवर माणूस, आणि शेजारी त्या माणसाच्या बिघाडाची हुबेहूब नक्कल. लोक हसतील. पुण्यातले तर नक्की हसतील, ते वाटच पाहत बसलेत. चाळीस मुलांचे आईबाप दारात उभे राहतील. लेख फाडावा लागेल. दुसरी रेकॉर्ड खोक्यातून काढून टाकायला कंपनीला एक फोन पुरेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पट्टीचं विचारलं नसतं तर काय बिघडलं असतं?

आणि म्हाताऱ्याचा तो आवाज चांगला होता. त्यांनी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत चांगला. हेही त्यांना कळत होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग येत होता.

"मास्तर..." गद्रे म्हणाले. "मला तुमचं म्हणणं पटतं. शंभर टक्के पटतं. पण असं बघा, एकदा निघालेली रेकॉर्ड हा इतिहास असतो. त्याला हात लावणारे आपण कोण? लोकांच्या कानांना तीच ओळखीची आहे. आता बदललं तर लोकच म्हणतील, बिघडवली."

मास्तर ऐकत होते.

"आणि वाईट काय आहे तिच्यात? छानच वाटते ऐकायला. उलट तुम्ही जास्त..." गद्रे शब्द शोधत थांबले. "...जास्त तरुण वाटता. आपण असं करू. ती आहे तशीच जाऊ द्या."

मास्तर त्यांच्याकडे एकटक पाहत होते. रागानं नव्हे. फार वर्षांनी गाठ पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

मग त्यांनी तबकडीवरचं बोट उचललं.

सूर झपकन वर चढला. चपळ, पातळ, उतावळा. ओटा त्या आवाजानं भरून गेला आणि तो थांबवायला कोणीच हात पुढे केला नाही.

"पेन दे," मास्तर म्हणाले.

गद्र्यांनी पेन दिलं. मास्तरांनी कागद मांडीवर घेतला, एक ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. मग कागद गद्र्यांच्या हातात ठेवला.

"घे. आता खरा माझा शिष्य झालास."