दुसरा सदरा

निर्माते अप्पासाहेब इंगवले आपल्या सिनेमाचा तिसरा भाग काढायला निघाले होते. मुहूर्ताला जमलेल्या मंडळींत वाद पेटला, की आजवरचा सगळ्यात फुकाचा 'पुढचा भाग' कोणता? जो तो दुसऱ्यांच्या सिनेमांची सालटी काढत होता; अप्पासाहेबांच्या दुसऱ्या भागाचं नाव घ्यायची मात्र कुणाची छाती नव्हती. कपडेपट सांभाळणाऱ्या हौसाबाई कोपऱ्यातून सगळं ऐकत होत्या.

अप्पासाहेब हसले. "माझा तिसरा भाग नको, असं कुणी पटवून द्या. नारळ न फोडता घरी जातो!"

हौसाबाई दोन सारखे सदरे घेऊन पुढं आल्या. रिवाजच तो: एक हिरोचा, एक त्याच्या बदली उड्या मारणाऱ्याचा.

"साहेब, मागल्या भागात हिरो कड्यावरून पडून मेला. आता जिवंत कसा?"

"झाडात अडकला होता म्हणून दाखवू. पब्लिकला तो परत हवाय, बाई!"

"पण तो गेलाच कुठं होता?" हौसाबाईंचा आवाज जराही चढला नाही. "तो छत्रीखाली चहा पीत होता. कड्यावरून पडले ते माझे मालक. परत आणायचं तर जो गेला त्याला आणा. हा सदरा त्यांच्याच मापाचा शिवलाय. त्यांनी तो अंगात घातला, की खुशाल फोडा नारळ."

अप्पासाहेबांनी नारळ पाटावर ठेवला आणि कुणाकडे न बघता ते गाडीत जाऊन बसले. हौसाबाईंनी हिरोचा सदरा पेटीत टाकला. दुसऱ्याची घडी घालायला मात्र त्यांना फार वेळ लागला.